वैद्याच्या हातातलं धनुष्य

अप्पा,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या खात्यातले एक जुने सहकारी बोलायला उभे राहिले. बोलले छान. तुमचा प्रामाणिकपणा, तुम्ही काढलेले कालव्यांचे नकाशे, कुणाकडून चहासुद्धा न घेणं, सगळं आलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "निवृत्तीनंतर मात्र आजारपणामुळे बिचारे घरात अडकले. सूनबाईंच्या कॉम्प्युटरवर लहान मुलांच्या खेळात मन रमवायचे. असो." त्या 'असो'वर मागच्या रांगेत चारजण हसले. दुःखाच्या जागी हसतात तसं, अर्धंच.

मी उठले. मिलिंदने पदर ओढला, तो सोडवून घेतला. म्हणाले, "काका, ते मन रमवत नव्हते. ते लढत होते. आणि बिचारे तर ते कधीच नव्हते." एवढंच बोलून बसले. तुमच्या मुलाला वाटलं, बायको तमाशा करणार. आईंना काहीच वाटलं नाही. त्या समोर बघत होत्या, आणि त्यांची मान किंचित, अगदी किंचित हलली.

पुण्यात मेलेल्या माणसाबद्दल फार चांगलं बोलतात, कारण जिवंतपणी ते राहून गेलेलं असतं. तुमची नोकरी, बदल्या, कोथरूडचा फ्लॅट, ते सगळं बोलून झालं. जे तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं ते मी लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. तरी तुमच्याशीच बोलणार, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आहे.

सुरुवात मिलिंदमुळे झाली. तो कंपनीतर्फे अमेरिकेला गेला तेव्हा त्याने इंटरनेटवरचा तो खेळ घेतला. नवराबायकोंनी रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी संध्याकाळी, एकत्र खेळायचं. फोनवर काय बोलणार रोज रोज? त्यापेक्षा दोघं मिळून राक्षस मारू. मी ढाल-तलवारवाली योद्धा झाले. तुम्ही मागे खुर्चीत पेपर घेऊन बसायचात आणि पेपर सोडून पडद्याकडे बघायचात.

"हा माणूस मेला की झोपलाय?"

"मेलाय, अप्पा. उठेल परत."

"बरं आहे यांचं."

पुढे मिलिंदचं काम वाढलं. एक रविवार चुकला, मग दुसरा. त्याचा माणूस गावाच्या वेशीवर नुसता उभा. तुम्ही काही दिवस ते बघितलंत आणि म्हणालात, "तो येत नसेल तर मी बसू का?"

तुम्ही त्याचा माणूस घेतला नाहीत. मिलिंदचा जुना कॉम्प्युटर माझ्या शेजारी मांडून स्वतःचा नवा केलात. नाव काय द्यायचं विचारलं तर म्हणालात, अप्पा. आडनाव कुठे लिहायचं म्हणून शोधत होतात. मी म्हटलं, इथे आडनाव नसतं. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. "कुणीच विचारत नाही?" कुणीच नाही. "मग हा खेळ चांगला दिसतोय," म्हणालात.

मुख्य वर्ग, म्हणजे खेळातला पेशा, तुम्ही वैद्याचा घेतलात. मारणारे पुष्कळ असतात, म्हणालात. हातात काठी घेऊन मागे उभं राहायचं आणि पुढे लढणाऱ्यांच्या जखमा भरायच्या. वर्षभरात तुम्ही इतके तयार झालात की शनिवार पेठेतल्या ऋषीने तुम्हाला आणि मला त्याच्या गिल्डमध्ये घेतलं. गिल्ड म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी. ऋषी तिचा म्होरक्या, पंचविशीतला इंजिनियर, हिंजवडीला नोकरी. कानाला हेडफोन लावून सगळे एकमेकांशी बोलायचे आणि सगळे तुम्हाला काका म्हणायचे.

त्या खेळात काही पायऱ्या चढल्यावर दुसरा वर्गही घेता येतो. त्या वर्गाची हत्यारं वापरता येतात, त्याचे प्राणी पाळता येतात, फक्त जोर थोडा कमी असतो. मी हे समजावून सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे नोकरी आणि जोडधंदा." तुम्ही शिकारी घेतलात. बाकीचे वैद्यही दुसरा वर्ग घ्यायचे, पण त्यातली एखादी विद्या उचलण्यापुरता. धनुष्य हातात घेणारा वैद्य आमच्या गिल्डमध्ये नव्हता.

शिकाऱ्याला रानात जाऊन प्राणी माणसाळवावा लागतो. सगळे पांढरा वाघ आणतात. तुम्ही तरस आणलंत. पाठीवर केस उभे, मागचे पाय आखूड, लंगडल्यासारखं चालणारं. मी म्हटलं, अहो अप्पा, हे काय ध्यान! तुम्ही म्हणालात, "आमच्या गावच्या माळावर होतं. कुणाचं काही वाकडं करत नव्हतं, तरी लोक दगड मारायचे." आणि त्याचं नाव ठेवलंत साहेब.

मग रविवारी सकाळी घरात ऐकू यायला लागलं, "साहेब, बसा. साहेब, मागे या. साहेब, तिकडे कशाला तडफडताय?" आई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "घ्या बोलून. नोकरीत जे बोलता आलं नाही ते सगळं बोलून घ्या."

अर्धांगाचा पहिला झटका आला तेव्हा तुमचं बोलणं वाचलं, उजवा हात गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण ऐकत नव्हता. ज्या हाताने तुम्ही रेघ काढली की पट्टी लावायची गरज पडायची नाही, त्या हाताने बँकेतली सही जमेना. तुम्ही बाहेर जाणं बंद केलंत. सोसायटीतले लोक भेटायला आले की हात शालीखाली घ्यायचात. डॉक्टर म्हणाले, मन गुंतवा. आई म्हणाल्या, मन गुंतवायला भाजी निवडून द्या. तुम्ही दोघांचंही ऐकलं नाहीत आणि एका रविवारी माझ्या शेजारी येऊन बसलात.

वैद्याचं काम उजव्या हाताचं. कोण पडतोय ते बघून माऊस भराभरा त्याच्यावर न्यायचा. ते तुम्हाला होईना. दोन लढायांत आमची माणसं पटापट मेली. ऋषीचा सुस्कारा हेडफोनमध्ये ऐकू आला. तुम्ही तो ऐकलात.

पुढचा आठवडाभर मी ऑफिसला गेले की तुम्ही एकटे बसून काहीतरी करत होतात. आईंनी सांगितलं मला, "दिवसभर त्या साहेबाला बाण दाखवतायत." रविवारी तुम्ही काठी पाठीला अडकवलीत आणि धनुष्य घेतलंत. एकदा नेम धरला की बाण आपोआप सुटत राहायचे. साहेब माझ्या शेजारी उभा राहून निम्मा मार स्वतः खायचा, त्यामुळे मला जखमाच कमी व्हायच्या. ज्या व्हायच्या तेवढ्या तुम्ही डाव्या हाताने, कीबोर्डवरून भरायचात. पुढे उभी मी होते, अप्पा. माझ्याइतकं कुणाला कळणार? मी इतकी निर्धास्त कधी लढले नव्हते.

ऋषीला ते दिसलं नाही. त्याला धनुष्य दिसलं.

"काका, ते ठेवा. काठी घ्या. तुम्ही हीलर आहात ना?"

"आहे. शिकारीही आहे."

"ती सेकंडरी झाली. खरी नाही ती. मोठ्या किल्ल्याच्या लढाईत असलं नाही चालणार. ज्याने त्याने आपलं काम करायचं, काका. तरच टीम चालते."

तुम्ही हेडफोन काढून टेबलावर ठेवलात. मला वाटलं, हात दुखला. मग म्हणालात, "हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाहीये, स्वाती."

तेव्हा तुम्ही मला ते सांगितलंत. तुम्ही दहाएक वर्षांचे होतात. गावाने वस्तीवर बोलावणं पाठवलं होतं, मेलेलं जनावर ओढायला या. तुमच्या घराने धम्म स्वीकारून थोडेच दिवस झाले होते. तुमचे वडील दारात उभे राहून म्हणाले, येणार नाही. बोलावणं घेऊन आलेला माणूस काही ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाला, "असं कसं करता? ज्यानं त्यानं आपलं काम करावं, म्हंजी गाव चालतं." वडील गेले नाहीत. पुढे पुण्याला आले, गवंड्याच्या हाताखाली राहिले, स्वतः गवंडी झाले. तो माणूस, तो सूर, तुम्हाला जसाच्या तसा आठवत होता.

मी म्हटलं, "अप्पा, ऋषीला यातलं काहीच माहीत नाही."

"माहीत नाही म्हणूनच तर इतकं सहज निघालं."

आपलं भांडण तिथे सुरू झालं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर पडू, आपली वेगळी गिल्ड काढू. तुम्ही म्हणालात, "मी का जाऊ? त्याला काढू दे. आणि काढताना कारण सांगू दे, सगळ्यांसमोर."

"जिथे मान नाही तिथे बसायचं कशाला?"

"बसल्याशिवाय मान मिळतो का?"

मी नारायण पेठेतली. आमच्याकडे भांडण झालं की दार लावून घेतात आणि वर्षानुवर्षं उघडत नाहीत. मिलिंदशी लग्न ठरवलं तेव्हा माझ्या बाबांनी तेच केलं. तुम्ही संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्या जिन्यात येऊन बसलात. बाबा आतून म्हणाले, कोणी घरात नाही. तुम्ही बाहेरून म्हणालात, "काही हरकत नाही, मी थांबतो." येणारेजाणारे शेजारी विचारू लागले, तुम्ही प्रत्येकाला नीट ओळख करून देऊ लागलात, मी मुलाचा बाप. शेवटी शेजाऱ्यांच्या लाजेने बाबांनी दार उघडलं. पाणी दिलं. माझा संसार त्या जिन्यात उभा राहिला हे मी विसरलेली नाही. पण त्या रविवारी तुम्ही तोच दाखला काढलात आणि मला राग आला. मी म्हटलं, "प्रत्येक वेळी आपणच का जिन्यात बसायचं, अप्पा?" तुम्ही म्हणालात, "कारण जिना कुणाच्या बापाचा नसतो." उत्तर म्हणून झकास होतं. पण ते उत्तर नव्हतं.

तुम्ही ऋषीला घरी बोलावलंत. "कोथरूड काही परदेशात नाही, चहाला ये." तो आला, हेल्मेट हातात घेऊन दारात उभा राहिला, आणि त्याने तुमचा हात पाहिला. त्या दिवशी तुम्ही शाल घेतली नव्हती. मुद्दाम.

"काका..." तो कसाबसा म्हणाला. "सांगायचं ना. मग काय, तुम्ही धनुष्यच वापरा. कुणी काही बोलणार नाही. मी सांगतो सगळ्यांना."

"काय सांगशील?"

"हेच. हाताचं."

"मग नको." तुम्ही कप डाव्या हाताने खाली ठेवलात. "हाताची कीव येऊन जागा देणार असशील तर मला ती नको. मला ते चांगलं जमतं, म्हणून दे. जमतं की नाही ते बघ. किल्ल्यात मला घेऊन लढ."

ऋषीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? त्यांनी तुला विचारलंय."

किल्ल्यातली तुमची पहिली लढाई आपण हरलो. साहेब तुमच्या हातून जरा लवकर सुटला, झोपलेले पहारेकरी उठले आणि आमची सगळी टोळी कापली गेली. मग ऋषी म्हणाला, "हे असं होतं, काका."

"चूक माझी," तुम्ही म्हणालात. "मी त्याला लवकर सोडला. पण काठीवाले वैद्य घेऊन तुम्ही याआधी इथे कितीदा हरलात?"

"चारदा," कुणीतरी पुटपुटलं.

"तेव्हा कुणाची काठी काढून घेतली होतीत का?"

कुठलीशी मुलगी खुदकन हसली. ऋषी म्हणाला, "पुढच्या रविवारी परत."

आणि मग तो रविवार. तुम्हाला तो माझ्याकडून ऐकायला आवडायचा, म्हणून परत सांगते. किल्ल्यातल्या राक्षसाचा जीव थोडाच उरला होता आणि आमचं एकेक माणूस पडत होतं. काठीवाला वैद्य पडला. ऋषी पडला. मग मी पडले. असं झालं की खेळ संपतो, कारण मागे उरलेला वैद्य एकटा काय करणार? पण तुमच्या पुढे साहेब उभा होता. तुम्ही एकेक पाऊल मागे सरत बाण सोडत राहिलात. ऋषी ओरडत होता, "काका, मला उठवा! आधी मला उठवा!" तुम्ही म्हणालात, "थांब जरा." आई उलथनं हातात घेऊन मागे येऊन उभ्या होत्या, ज्यांना या खेळातलं काही कळत नव्हतं त्या, आणि "अहो मागे व्हा, मागे व्हा!" म्हणत होत्या. तुमचा उजवा हात मांडीवर पडला होता. डावा हात मात्र असा चालत होता की मी माझ्या पडद्याकडे बघायचं सोडून त्या हाताकडेच बघत राहिले.

साहेब कोसळला. त्याच क्षणी तुमचा बाण लागला आणि राक्षसही कोसळला.

हेडफोनमध्ये नुसता कल्ला झाला. तुम्ही आधी साहेबाला उठवलंत, मग मला, मग ऋषीला. तो म्हणाला, "काका, एक नंबर! पुढच्या वेळी धनुष्यच आणा." बस्स. तुम्हाला तेवढं पुरलं. तुम्ही आईंना म्हणालात, "आज गोड काहीतरी करा," आणि आई म्हणाल्या, "राक्षस तिकडे मेला, शिरा मी का करू?" आणि केला.

मला नाही पुरलं. मी म्हटलं, धनुष्य मान्य झालं, पण त्या वाक्याचं काय? त्याने ते मागे घ्यायला नको? तुम्ही म्हणालात, "जागा दिली ना." मी म्हटलं, जागा तुम्ही मिळवलीत, त्याने काय दिलं? "सांगीन त्याला कधीतरी," म्हणालात. त्यानंतर कितीतरी रविवार आले. तुम्ही त्याला बाण कसे राखून वापरायचे ते शिकवलंत, त्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर सुचवलात, त्याच्या लग्नाच्या गोष्टी ऐकल्यात. ते मात्र सांगितलं नाहीत. मी विचारलं की विषय बदलायचात. मग दुसरा झटका आला. तीन खोल्यांच्या घरातून तुम्ही जिवंत बाहेर गेलात आणि दवाखान्यातून आलात ते तसे नाही.

ऋषी पंधरा दिवसांपूर्वी भेटायला आला. खूप रडला, अप्पा, खोटं नाही सांगत. म्हणाला, काकांच्या आठवणीत एका रविवारी गिल्डमधले सगळे धनुष्य घेऊन उतरणार आहेत. मी पाणी दिलं. आणि मग ते वाक्य त्याला सांगितलं. तुमचे वडील, दारातला तो माणूस, समजावणीचा तो सूर, सगळं.

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी त्या अर्थाने म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग काकांनी मला सांगितलं का नाही? दर रविवारी बोलायचो आम्ही."

मला नंतर वाटलं, आडनाव नसलेली ती एकच जागा तुम्हाला मिळाली होती. त्याला सांगितलं असतंत तर तिथेही ते येऊन बसलं असतं. तुम्हाला ती जागा जपायची असेल. तसं असेल तर मी ती मोडली, आणि तुम्ही असतात तर माझ्याशी आठवडाभर बोलला नसतात. चालेल. मला वाटतं, त्याला कळायला हवं होतं. तुम्ही त्याच्यावर एवढी माया केलीत, तर त्याने तुम्हाला पूर्ण ओळखायला नको?

तो जाताना म्हणाला, "आता मी काय करू, ताई?" मी म्हटलं, ते तुझं तू बघ. आणि सांगितलं की मी गिल्ड सोडते आहे. तो म्हणाला, "पण काका तर थांबले होते." हो, काका थांबले होते. काकांनी बसून जागा मिळवली, त्यांना सलाम. मला दुसऱ्याने आखलेल्या जागेत बसायचंच नाहीये. कुणी कुठलं हत्यार घ्यावं हे जिथे कुणी कुणाला सांगणार नाही, अशी टोळी मी काढली आहे. तिचा पहिला आठवडा मी एकटीने काढला. हसू नका.

काल रविवार होता. मी बसले होते, आणि आई हात पुसत आल्या, तुमच्या खुर्चीत बसल्या. तुमच्या खुर्चीत म्हणून मी दचकले, त्या दचकल्या नाहीत.

"मला एक माणूस करून दे," म्हणाल्या.

मी करून दिला. मुख्य वर्ग कुठला विचारलं. "मारणारा. आयुष्यभर दुसऱ्यांचं औषधपाणीच केलंय." योद्धा घेतला. मग म्हणाल्या, आता दुसरा. मी सांगितलं, आई, दुसरा वर्ग लगेच मिळत नाही, आधी बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

"का?"

"नियम आहे तसा."

"असला कसला नियम?" त्यांनी पदर खोचला. "माझ्याकडे वेळ किती उरलाय? मला दोन्ही आत्ताच पाहिजेत. कुणाला सांगायचं ते सांग."

तुम्ही म्हणाला असतात, अहो, जरा धीर धरा. मला ठाऊक आहे. पण अप्पा, या भांडणात मी आईंच्या बाजूने आहे.

तुमची,
स्वाती